रिटर्नचा हंगाम: पहिल्यांदाच टेबलाच्या या बाजूला बसणाऱ्यांसाठी

पावसात भिजलेली प्लॅस्टिकची पिशवी टेबलावर येते. आत फॉर्म १६ (पगाराचा आणि त्यातून कापलेल्या कराचा दाखला), एलआयसीच्या तीन वर्षांच्या पावत्या, मुलीच्या कॉलेजची फी आणि मध्येच कुठेतरी विजेचं बिल. "यातलं काय लागतं ते घ्या साहेब, मला काय कळत नाही. संध्याकाळपर्यंत होईल ना?" तालुक्याच्या गावात आयकर रिटर्न भरायला बसलात की जुलै असा सुरू होतो.

कर किती बसतो ते सॉफ्टवेअर सांगतं. समोरच्या माणसाला काय विचारायचं, ते त्याला कसं आठवायला लावायचं आणि कुठे हात जोडून नाही म्हणायचं, हे शिकायला मला चार-पाच हंगाम लागले. सीएकडे नव्याने लागलेली आर्टिकल (शिकाऊ) मुलं, कर सल्लागाराच्या हाताखालचे असिस्टंट आणि स्वतःचं छोटं ऑफिस थाटणारे, यांचा वेळ थोडा वाचावा म्हणून हे लिहितो आहे. आकडे आर्थिक वर्ष २०२४-२५ चे, म्हणजे कर निर्धारण वर्ष २०२५-२६ चे धरले आहेत. १ एप्रिल २०२६ पासून आयकर कायदा, २०२५ लागू झाला आणि कलमांचे क्रमांक बदलले, त्यामुळे दर, मर्यादा आणि तारखा प्रत्येक हंगामाच्या सुरुवातीला आयकर विभागाच्या पोर्टलवरून ताज्या करून घ्या. कामाची रीत तीच राहते.

पायरी १: तारखा आधी, पार्ट्या नंतर

मार्चअखेर संपली की एप्रिलच्या पहिल्याच आठवड्यात कुणीतरी दारात उभा राहतो. "लवकर भरलं की रिफंड लवकर येतो म्हणे." त्याला चहा पाजा आणि जूनमध्ये बोलवा. पगार देणाऱ्यांचं चौथ्या तिमाहीचं टीडीएस (पैसे देतानाच कापलेला कर) रिटर्न ३१ मेपर्यंत जातं, फॉर्म १६ द्यायची तारीख १५ जून. बँका आणि निबंधक कार्यालयं मोठ्या व्यवहारांची माहिती मेअखेरपर्यंत कळवतात. म्हणजे जूनच्या मध्यापर्यंत २६एएस (कापलेल्या आणि भरलेल्या कराची विभागाकडची नोंद) आणि एआयएस (पार्टीच्या वर्षभराच्या व्यवहारांची विभागाकडची यादी) दोन्ही अर्धवट असतात. एप्रिलमध्ये भरलेलं रिटर्न जुलैत सुधारून भरायची वेळ येते, आणि दुसऱ्यांदा भरण्याचे पैसे पार्टी, म्हणजे आपला ग्राहक, देत नाही.

जुलैत तुमच्या टेबलावर फक्त रिटर्नं नसतात. ७ तारखेला टीडीएसचा भरणा, ११ ला जीएसटीआर-१ आणि २० ला ३बी ही जीएसटीची रिटर्नं, आणि ३१ ला पहिल्या तिमाहीचं टीडीएस रिटर्न. पगारदारांच्या आयकर रिटर्नची नेहमीची तारीखही ३१ जुलैच. ११ आणि २० च्या आसपासचे दोन-दोन दिवस जीएसटीसाठी राखून ठेवा आणि त्या दिवशी पगारदारांना वेळ देऊच नका.

मुदतवाढीवर भिस्त ठेवू नका, आणि मिळाली तर सुस्तावू नका. २०२५ मध्ये केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने (सीबीडीटी) २७ मेलाच मुदत १५ सप्टेंबरपर्यंत वाढवली होती, कारण फॉर्ममध्ये बरेच बदल होते आणि यूटिलिटी (रिटर्न भरायचं विभागाचं सॉफ्टवेअर) तयार व्हायला वेळ हवा होता. बातमी वाचून लोक निवांत झाले. २७ ऑगस्टला गणपती बसले, ६ सप्टेंबरला अनंत चतुर्दशी झाली, आणि ७ तारखेपासून ऑफिसबाहेर चपलांचा ढीग. हातात नऊ दिवस. १५ तारखेच्या रात्री आणखी एक दिवस मिळाला, १६ सप्टेंबर. पन्नास दिवस जे लोक आले नव्हते, ते त्या एका दिवसात आले.

ऑफिसची स्वतःची तारीख ठरवा. माझ्याकडे १० जुलैपर्यंत कागद आले तर मुदतीत भरण्याची हमी असते. त्यानंतर आलेल्याला स्पष्ट सांगतो: "प्रयत्न करतो, शब्द देत नाही."

पायरी २: "आणखी काही उत्पन्न?" हा प्रश्न विचारू नका

या प्रश्नाचं उत्तर नेहमी "नाही" असतं. माणूस खोटं बोलत नसतो. त्याच्या लेखी पगार म्हणजे उत्पन्न, बाकी सगळं "असंच येतं". म्हणून एकेक गोष्टीचं नाव घेऊन विचारावं लागतं.

पतसंस्थेत ठेव आहे का? पोस्टात? बायकोबरोबर जॉइंट एफडी आहे का, आणि पहिलं नाव कुणाचं? गेल्या वर्षी नोकरी बदलली का? (बदलली असेल तर फॉर्म १६ दोन असतात, दोन्ही कंपन्यांनी प्रमाणित वजावट (स्टँडर्ड डिडक्शन) आणि खालच्या स्लॅबचा फायदा वेगवेगळा दिलेला असतो, आणि दोन्ही एकत्र केले की कर भरावा लागतो. हे ऐकून पार्टीचा चेहरा पडतो, तयारीत राहा.) जागा, प्लॉट, जुनं घर विकलं का? मोबाईलवर शेअरचं काही करता का? घर भाड्याने दिलंय का? वेतन आयोगाच्या फरकाचा हप्ता मिळाला का?

एफडीच्या व्याजाबद्दल एक समज इतका घट्ट आहे की तो रोज खोडावा लागतो. "त्याचा टॅक्स बँकेने कापलाय की." बँक १० टक्के कापते. माणूस ३० टक्क्यांच्या स्लॅबमध्ये असेल तर उरलेले २० टक्के आणि उपकर त्याने भरायचा असतो. निवृत्त माणसांना हे समजवायला वेळ लागतो. गुरुजी असतील तर कागदावर गणित मांडून दाखवा, त्यांना ते पटतं.

फरकाची रक्कम मिळालेले जिल्हा परिषदेचे शिक्षक आणि कर्मचारी आपल्याकडे बरेच येतात. कलम ८९ ची सवलत (मागची थकबाकी एकदम मिळाल्याने वाढणाऱ्या करातली सूट) घ्यायची असेल तर रिटर्नच्या आधी फॉर्म १०ई पोर्टलवर भरावा लागतो. आकडा रिटर्नमध्ये टाकला आणि फॉर्म राहिला, की इंटिमेशनमध्ये (रिटर्न तपासल्यावर विभागाकडून येणाऱ्या सूचनेत) सवलत उडते आणि मागणी येते. पहिल्या हंगामात ही चूक जवळपास प्रत्येकाकडून होते. माझ्याकडूनही झाली, आणि त्या बाईंच्या घरी जाऊन मला माफी मागावी लागली.

निवृत्त माणूस गेल्यावर पत्नीला मिळणारं पेन्शन पगाराच्या रकान्यात टाकू नका. ते कुटुंब निवृत्तिवेतन, "इतर स्रोत" मध्ये जातं, आणि त्यावर ७५ हजारांची प्रमाणित वजावट मिळत नाही. एक तृतीयांश किंवा १५,००० यांतली कमी रक्कम वजा होते. नव्या कररचनेत (दर कमी, पण बहुतेक वजावटी नाहीत) ही मर्यादा २५,००० आहे.

हिंजवडी-खराडीत नोकरी करणारी मुलं गावाकडच्या ओळखीने तुमच्याकडेच येतात. त्यांना विचारा: कंपनीने शेअर दिलेत का, आणि ती कंपनी अमेरिकेतली आहे का? असतील तर शेड्यूल एफए (परदेशी मालमत्तेचा तक्ता) भरावं लागतं, आयटीआर-१ (पगारदारांचा सगळ्यात सोपा फॉर्म) चालत नाही, आणि त्या शेड्यूलचं वर्ष ३१ डिसेंबरला संपतं. शेअर विकले नसले तरीही भरायचं.

पायरी ३: ओटीपी, नाव आणि बँक खातं

खरा वेळ इथे जातो. कॉम्प्युटेशन (कराचा हिशेब) दहा मिनिटांत होतं आणि ओटीपीसाठी दोन दिवस थांबावं लागतं.

पार्टी समोर बसलेली असतानाच लॉगइन करून बघा. पासवर्ड आठवत नसेल तर आधारच्या ओटीपीने बदलता येतो, पण आधारला कुठला नंबर जोडलाय? कधी बंद पडलेला नंबर, कधी पुण्यात राहणाऱ्या मुलाचा, कधी ज्या दुकानातून सिम घेतलं त्या दुकानदाराचा. ओटीपी १५ मिनिटांत बाद होतो आणि मुलगा मीटिंगमध्ये असतो. नंबर बंद असेल तर त्याच दिवशी आधार केंद्रावर पाठवा. ३० जुलैला हे कळलं तर काही उपयोग नाही.

आत गेलात की आधी प्रोफाइल उघडा. मागच्या सल्लागाराने स्वतःचा ईमेल आणि मोबाईल प्राथमिक संपर्क म्हणून टाकलेला असण्याची शक्यता भरपूर. त्यामुळे तीन वर्षांपूर्वीची नोटीस त्याच्या मेलमध्ये पडून असते आणि पार्टीला पत्ता नसतो. प्राथमिक संपर्क पार्टीचा स्वतःचा, दुय्यम ऑफिसचा, हे एकदा करून टाका. तुमच्याकडून पार्टी उद्या दुसरीकडे गेली तरी तिचं नुकसान होणार नाही.

मग पॅन आणि आधार जोडलेले आहेत का ते बघा. जोडलेले नसतील तर पॅन १ जुलै २०२३ पासून निष्क्रिय धरला गेलेला असू शकतो, मग रिफंड मिळत नाही आणि टीडीएस जास्त दराने कापला जातो. जोडायला १,००० रुपये शुल्क आहे. जोडणी अडते ती बहुतेक वेळा नावामुळे. पॅनवर माहेरचं नाव, आधारवर सासरचं. एकीकडे आडनाव आधी, दुसरीकडे शेवटी. मधलं नाव एका ठिकाणी वडिलांचं, दुसऱ्या ठिकाणी नवऱ्याचं. जन्मतारखेचा घोळ तर जुन्या पिढीत घरोघरी आहे, कारण शाळेत घालताना गुरुजींनी १ जून लिहून टाकलेली असते. आधी कुठला कागद दुरुस्त करायचा ते ठरवा. पुरावा ज्याचा पक्का, तो कागद प्रमाण माना आणि दुसरा त्याला जुळवा.

रिफंड फक्त प्रमाणित केलेल्या बँक खात्यात येतो, आणि खात्यावरचं नाव पॅनशी जुळावं लागतं. बँकांच्या विलीनीकरणानंतर आयएफएससी बदलले. देना बँक २०१९ मध्ये बँक ऑफ बडोदात गेली, तरी जुना कोड लिहून आणणारे आजोबा अजून येतात. चेकबुक नवं आहे का, एवढं विचारलं तरी पुरतं.

कागद व्हॉट्सअॅपवर मागवणार असाल तर ऑफिसचा वेगळा नंबर ठेवा, आणि आलेली फाईल त्याच क्षणी नाव बदलून पार्टीच्या फोल्डरमध्ये टाका. "आयएमजी" ने सुरू होणाऱ्या चारशे फोटोंमध्ये कदमांचा फॉर्म १६ शोधत बसण्याची शिक्षा मी भोगली आहे. एआयएसच्या पीडीएफचा पासवर्ड लहान अक्षरांत पॅन आणि पुढे जन्मतारीख असा असतो. रिटर्नच्या इंटिमेशनचाही तोच.

पायरी ४: एआयएस आणि पार्टीचं म्हणणं जुळवणं

२६एएस, एआयएस आणि फॉर्म १६ समोरासमोर ठेवा. एआयएस रिटर्न भरायच्या दिवशी पुन्हा एकदा डाउनलोड करा, कारण मधल्या काळात त्यात नव्या नोंदी आलेल्या असतात.

तिथे जे दिसतं ते सगळं बरोबर असतंच असं नाही. जॉइंट एफडीचं अख्खं व्याज पहिल्या नावावर दिसतं. शेअर विक्रीत खरेदीची किंमत कोरी किंवा भलतीच असते. तिथे ब्रोकरकडून भांडवली नफ्याचं स्टेटमेंट मागवा आणि तेच वापरा. २०२४-२५ साली तर नफा २३ जुलै २०२४ च्या आधीचा आणि नंतरचा असा वेगळा करावा लागला, कारण अल्पकालीनचा दर १५ वरून २० टक्के आणि दीर्घकालीनचा १० वरून साडेबारा टक्के झाला. एखादी नोंद चुकीची वाटली तर एआयएसवरच अभिप्राय नोंदवायची सोय आहे, ती वापरा आणि त्याची प्रत फाईलला लावा.

याच्या उलटही घडतं. एआयएसमध्ये न दिसणारं उत्पन्न उत्पन्न नसतं, असा पार्टीचा समज असतो. घरात घेतलेल्या शिकवण्या, रोखीने मिळणारं गाळ्याचं भाडं, पतसंस्थेचं व्याज हे तिथे कदाचित दिसणार नाही. विचारायचं तुमचं काम, सांगायचं त्याचं. सांगितलेलं लिहून घ्या आणि खाली सही घ्या.

फॉर्म १६ मध्ये टीडीएस आहे आणि २६एएसमध्ये नाही, ही शाळा-कॉलेजांकडची नेहमीची तक्रार. बहुतेक वेळा टीडीएस रिटर्नमध्ये पॅनचं एक अक्षर चुकलेलं असतं. "पोर्टलची चूक आहे" असं सांगून पार्टीला परत पाठवू नका. पगार काढणाऱ्या कार्यालयाला दुरुस्तीचं पत्र लिहून तिच्या हातात द्या आणि पोचेची प्रत ठेवा.

पायरी ५: फॉर्म निवडताना शेती विसरू नका

शहरातल्या मार्गदर्शकांत ही गोष्ट एका ओळीत उरकतात. आपल्याकडे निम्म्या पगारदारांच्या घरी शेती आहे, म्हणून इथे जरा थांबतो.

शेतीचं उत्पन्न करमुक्त आहे हे प्रत्येकाला माहीत असतं. ते रिटर्नमध्ये दाखवायचं असतं हे कुणाला माहीत नसतं. वर्षाला ५,००० रुपयांपेक्षा जास्त शेती उत्पन्न असेल तर आयटीआर-१ चालत नाही, छोट्या व्यावसायिकांचा आयटीआर-४ सुद्धा नाही. पगारदाराला आयटीआर-२ भरावा लागतो. निव्वळ उत्पन्न ५ लाखांवर गेलं तर जिल्हा, पिनकोड, क्षेत्र, जमीन स्वतःची की खंडाची, बागायत की जिरायत, हेही लिहावं लागतं.

आणि ते करमुक्त असलं तरी दर ठरवताना मोजलं जातं. एका शिक्षकाचं उदाहरण घेऊ. पगार ८,७५,०००, नवी कररचना, ७५,००० प्रमाणित वजावट जाऊन करपात्र ८,००,०००. यावर कर ३०,०००, उपकर धरून ३१,२००. आता त्यांचा ऊस गेलाय आणि खर्च वजा जाता ३,००,००० राहिलेत. आधी ११,००,००० वर कर काढायचा: ६५,०००. मग शेतीचे ३ लाख अधिक मूळ सूट ३ लाख, म्हणजे ६,००,००० वर कर काढायचा: १५,०००. वजाबाकी ५०,०००, उपकरासह ५२,०००. फरक २०,८०० रुपयांचा. गुरुजी म्हणतात, "शेतीला टॅक्स नसतो असं सरकारच सांगतं ना?" हो, कर शेतीवर नाही, शेतीमुळे पगार वरच्या दरात ढकलला जातो. हे वाक्य त्यांना पटत नाही, पण निदान ऐकून घेतात.

पुढचा प्रश्न: सातबारा कुणाच्या नावावर आहे? कारखान्याकडे उसाची नोंद कुणाच्या नावावर, आणि बिल कुणाच्या खात्यात जमा होतं? जमीन वडिलांची, नोंद मुलाची, पैसे आईच्या खात्यात, असा तिढा असतो. मालकी आणि प्रत्यक्ष कसणारा कोण हे आधी समजून घ्या. करमुक्त आहे म्हणून सगळं शेतीत ढकलण्याचा मोहही इथेच होतो. दूध डेअरीला घालून मिळणारे पैसे शेती उत्पन्न नाहीत. कोंबड्यांच्या शेडचेही नाहीत. ते धंद्याचं उत्पन्न आहे, गोठा शेतात असला तरी.

बाकी फॉर्मबद्दल थोडक्यात. फ्यूचर्स-ऑप्शन्समध्ये हात भाजलेली पोरं "लॉसच आहे, दाखवायचं कशाला" म्हणतात. तो धंद्यातला तोटा आहे, आयटीआर-३ मध्ये जातो, आणि मुदतीत रिटर्न भरलं तरच पुढच्या वर्षांत ओढता येतो. छोट्या दुकानदारांना कलम ४४एडी खाली उलाढालीच्या ८ टक्के, डिजिटल जमेवर ६ टक्के नफा दाखवता येतो. पण त्यांची जीएसटीतली उलाढाल आणि इथली उलाढाल जुळते का ते आधी बघा. न जुळणारे आकडे दोन्ही खात्यांना दिसतात.

पायरी ६: जुनी की नवी

नवी कररचना आपोआप लागू असते. जुनी हवी असेल तर मागावी लागते, आणि मुदतीत रिटर्न भरूनच. धंद्याचं उत्पन्न असणाऱ्यांना त्यासाठी फॉर्म १०-आयईए आधी भरावा लागतो.

उशिराची किंमत पार्टीला आकड्यात सांगा. पगार ९,५०,०००. गृहकर्जाचं व्याज २ लाख, ८०सी चे (विमा, पीएफ वगैरे) दीड लाख, ८०डी चे (आरोग्य विमा) २५,०००, व्यवसाय कर २,५००, प्रमाणित वजावट ५०,०००. जुन्या रचनेत करपात्र ५,२२,५००, कर उपकरासह १७,६८०. नव्या रचनेत ८,७५,००० वर ३९,०००. म्हणजे जुनी रचना २१,३२० रुपयांनी स्वस्त. तारीख चुकली की तो पर्याय संपला, वर ५,००० विलंब शुल्क, आणि कर बाकी असेल तर महिन्याला एक टक्का व्याज. मे महिन्यातच ही दोन आकड्यांची चिठ्ठी व्हॉट्सअॅपवर पाठवली तर अशी पार्टी जूनमध्येच येते, हा माझा अनुभव.

पायरी ७: "त्याने चाळीस हजार रिफंड काढून दिला"

हे वाक्य तुम्ही पहिल्या आठवड्यात ऐकणार. शेजाऱ्याचा सगळा टीडीएस परत आला, ऑफिसातल्या पाचही जणांचा आला, मग तुमच्याकडे का येत नाही? उत्तर सोपं आहे आणि बोलायला अवघड: तिकडे वजावटी रचलेल्या असतात. न दिलेलं घरभाडं, न घेतलेलं शैक्षणिक कर्ज, नाव न ऐकलेल्या राजकीय पक्षाला चेकने देणगी आणि त्यातली बरीचशी रोखीने परत.

हे आता खपत नाही. १४ जुलै २०२५ रोजी आयकर विभागाने देशभरात दीडशे ठिकाणी तपासणी केली, ती खोट्या वजावटी दाखवून रिटर्नं भरणाऱ्यांवरच होती. महाराष्ट्राचं नाव त्यात होतं. त्याआधीच्या चार महिन्यांत सुमारे ४०,००० करदात्यांनी रिटर्नं सुधारून १,०४५ कोटींचे खोटे दावे मागे घेतले, असं विभागाने तेव्हा सांगितलं. त्याच वर्षीपासून फॉर्ममध्ये पॉलिसी क्रमांक, कर्ज देणाऱ्या बँकेचं नाव, कर्ज खाते क्रमांक असे तपशील मागायला सुरुवात झाली. नुसता आकडा टाकून भागत नाही.

चुकीची माहिती दिल्याचं ठरलं तर बुडवलेल्या कराच्या दुप्पट दंड होऊ शकतो, आणि खोटं रिटर्न भरायला मदत करणाऱ्यासाठी १९६१ च्या कायद्यात वेगळं कलम होतं, २७८. पार्टीला दंडाची भीती घाला किंवा घालू नका, ते तुमच्या स्वभावावर. मी एवढंच म्हणतो: "काका, पावती आणा, लगेच टाकतो." बरेचजण पावती आणतो म्हणून जातात आणि परत येत नाहीत. जाऊ द्या. त्यातले काही दोन वर्षांनी नोटीस घेऊन येतात, आणि ते काम जास्त फीचं असतं.

खरी वजावट मात्र भीतीपोटी सोडू नका. आईच्या नावावरच्या घरात राहून तिला खरोखर खात्यावर भाडं देणारा मुलगा जुन्या रचनेत घरभाड्याची वजावट घेऊ शकतो. आईने ते भाडं तिच्या उत्पन्नात दाखवायचं, एवढंच. भाडं वर्षाला लाखावर असेल तर घरमालकाचा पॅन लागतो.

फी रिफंडच्या टक्क्यावर कधीही ठरवू नका. एकदा तशी ठरवली की आकडा फुगवण्यात तुमचाच फायदा असतो. फी कामावर ठरवा, आधी सांगा, आणि रिटर्न अपलोड करण्याआधी घ्या. "रिफंड आला की देतो" म्हणणाऱ्यांची माझ्याकडे वहीच आहे. वहीत नावं वाढतात, रकमा कमी होत नाहीत.

पायरी ८: अपलोडचा दिवस

कॉम्प्युटेशनचं एक पान पार्टीला पाठवा आणि "बरोबर आहे, भरा" असा लेखी होकार घ्या. फोनवरचा होकार ऑगस्टमध्ये कुणाला आठवत नाही.

कर भरायचा असेल तर चलनावर वर्ष नीट बघा. २०२४-२५ चं उत्पन्न, कर निर्धारण वर्ष २०२५-२६. घाईत इथे चूक होते आणि पैसे भलत्या वर्षात जाऊन बसतात. स्वनिर्धारण कराचा प्रकार ३००, आगाऊ कराचा १००. पार्टी स्वतः मोबाईलवरून भरणार असेल तर चलन तुम्हीच तयार करून द्या.

शेवटच्या आठवड्यात दिवसा पोर्टलवर गर्दी असते. मी पहाटे पाच ते आठ अपलोड करतो आणि दिवसा माणसं भेटतो. ऑफलाइन यूटिलिटीत रिटर्न आधी तयार करून ठेवलं तर लॉगइन मिळताच फाईल चढवता येते. पाऊस, वीज आणि नेट यांचा भरवसा नाही. इन्व्हर्टरची बॅटरी जूनमध्ये तपासा आणि दोन वेगळ्या कंपन्यांची सिम जवळ ठेवा.

अपलोड झालं म्हणजे संपलं, असं समजणारी फाईल सप्टेंबरात परत येते. रिटर्न ३० दिवसांत व्हेरिफाय व्हायला हवं, नाहीतर ज्या दिवशी व्हेरिफाय होईल ती भरल्याची तारीख धरतात आणि विलंब शुल्क लागू शकतं. आधारचा ओटीपी, नेटबँकिंग, प्रमाणित बँक खात्यावरचा कोड, यातलं काहीच जमलं नाही तर सही केलेला आयटीआर-व्ही (रिटर्नची पोच) विभागाच्या बंगळुरूच्या केंद्राला पोस्टाने, त्याच ३० दिवसांत. अपलोड आणि व्हेरिफाय यांचे वहीत दोन वेगळे रकाने ठेवा. एकाच रकान्यात बरोबरची खूण केली की नेमकं हेच राहतं.

हंगाम सरल्यावर

ऑगस्टपासून इंटिमेशन येऊ लागतात. "नोटीस आली" असा घाबरलेला फोन येतो तेव्हा दहापैकी बऱ्याच वेळा ती फक्त रिटर्न तपासल्याची सूचना असते. तुमचा आकडा आणि त्यांचा आकडा दोन रकान्यांत असतात, फरक कुठे पडला ते बघा. रिटर्न सदोष असल्याची सूचना आली तर मात्र १५ दिवस मोजायला लागा, ती बाजूला ठेवायची गोष्ट नाही. तुमची चूक असेल तर आधी पार्टीला फोन करा, मग सुधारित रिटर्न भरा, आणि त्याचे पैसे मागू नका.

आणि दिवाळीच्या सुट्टीआधी एक दिवस काढून वहीत प्रत्येक नावापुढे पुढच्या वर्षासाठी दोन ओळी लिहा. माझ्या वहीतल्या काही अशा आहेत: "ओटीपी पुण्याच्या मुलाच्या फोनवर, रात्री नऊनंतरच." "पतसंस्थेची ठेव मार्चमध्ये मोडली, व्याजाचा दाखला मागणे." "ऊस यंदा वडिलांच्या नावावर." "बाईंना जोराने बोलावं लागतं, सूनबाईंना सोबत बोलावणे."